बावीस सांध्यांची पाहुणी

बाहुल्या जमवणाऱ्या साठीपुढच्या पुरुषाने उजळ माथ्याने राहावं अशा जागा जगात फार नाहीत. बेंगळुरातली बसवनगुडी ही त्यांतली एक. पुण्यात माझ्या वयाच्या माणसाने नाणी जमवावीत, पोस्टाची तिकिटं जमवावीत, फार तर अडकित्ते जमवावेत. बाहुल्या म्हटलं की समोरचा आधी आपल्याकडे पाहतो, मग आपल्या बायकोकडे पाहतो आणि मग पावसाचा विषय काढतो. इथे तसं होत नाही. गांधी बझारच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या घरात माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघते आणि तिच्यात जुन्या धोतरांच्या फडक्यांत गुंडाळलेल्या बाहुल्याच बाहुल्या. त्या घरातल्या आज्जी मात्र स्वतःला संग्राहक वगैरे म्हणवत नाहीत. नवरात्रात पायऱ्या लावून बाहुल्या मांडणं हा त्यांचा कुळाचार. माझा तो छंद. छंदाचा घरात हिशेब द्यावा लागतो, कुळाचाराला पै विचारायची कोणाची टाप नसते.

मी या गावात आलो तो मशीन टूल्सच्या नोकरीसाठी. आयुष्य लेथ, मिलिंग मशीन आणि बेअरिंगं यांच्या संगतीत गेलं. निवृत्त झाल्यावर माणसं ज्ञानेश्वरीकडे वळतात, मी सांध्यांकडे वळलो. सांधा ही चीज मला पहिल्यापासून आवडते. दोन भाग एकमेकांना धरूनही राहिले पाहिजेत आणि मोकळेही. घट्ट बसले तर हलत नाहीत, सैल झाले तर सांभाळत नाहीत. संसारावर याहून नेमकं भाष्य माझ्या वाचनात नाही, पण ते घरात बोलून दाखवायची सोय नाही. म्हणून संग्रहाला नियम लावला तो एवढाच, की बाहुलीला निदान एक तरी हलणारा सांधा हवा.

त्यामुळे पहिला मान तंजावरच्या बाहुलीचा. डोकं वेगळं, धड वेगळं, घागरा वेगळा, आणि सगळं तारेच्या टोकावर तोललेलं. पंखा लावला तरी ती नाचायला लागते. तंजावरावर १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं आणि ते स्थापन करणारे व्यंकोजीराजे शहाजीराजांच्या याच बेंगळुरातल्या जहागिरीतून तिकडे गेले. तेव्हा ही बाहुली मी नात्यातलीच धरतो. तिच्या शेजारी कुडाळजवळच्या पिंगुळीची कळसूत्री बाहुली आहे. ठाकर मंडळींनी तिचा खेळ जिवंत ठेवला आणि त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीची लाकडी ठकी सांधा नसल्यामुळे नियमात बसत नव्हती. तिला मी आजीच्या आठवणीखातर विशेष बाब म्हणून घेतली. असे अपवाद नियमापेक्षा जास्त झाले, की संग्रहाला खरा रंग चढतो.

कोणी छद्मीपणे हसलंच, तर माझ्याकडे दोन मोठी नावं तयार असतात. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीची एक बाहुली मिळाली आणि तिथून वाढत वाढत १९६५ मध्ये दिल्लीत त्यांचं आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उभं राहिलं. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, दारोदार फिरून दिवे, अडकित्ते, भांडी, बाहुल्या गोळा करत राहिले आणि १९७५ मध्ये तो सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. ही उदाहरणं मी सांगतो तेव्हा बायको शांतपणे विचारते, “मग तुम्ही सरकारला कधी देताय?”

तिचा मुद्दा जागेचा आहे. आमच्या घरापासून चार पावलांवर मोठ्या नंदीचं देऊळ. एकाच दगडातला नंदी, साडेचार मीटर उंच आणि सहा मीटर लांब. तो पूर्वी शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा खाऊन दिवसेंदिवस वाढत होता, मग त्याच्या कपाळावर त्रिशूळ ठोकला तेव्हा कुठे थांबला, अशी इथली कथा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी त्याला शेंगांचा नैवेद्य दाखवतात आणि सगळा बुल टेंपल रोड टरफलांनी भरतो. त्या जत्रेत दरवर्षी बायको नंदीच्या कपाळाकडे बघते आणि मग माझ्या कपाळाकडे.

अशा परिस्थितीत नवी पाहुणी घरात आली. ती आणली भाचीने, कॅलिफोर्नियाहून, बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून. पार्सलने मागवायची सोय आता राहिलेली नाही. परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यात चन्नपट्टणच्या कारागिरांचं भलं होत असेल, तर माझी तक्रार नाही. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेनेच तिचा रंग चढवायचा आणि केवड्याच्या पानाने झिलई आणायची, हे काम पाहताना माझ्यासारख्या लेथवाल्याचे हात आपोआप जोडले जातात. पण लेथवर सगळं गोल निघतं. चन्नपट्टणच्या बाहुलीला गाल असतात, पोट असतं, कोपर नसतं.

आणि मला हवं होतं कोपर.

“मामा, नक्की तुमच्यासाठीच ना?” भाचीने फोनवर खात्री करून घेतली होती. खोक्यावर वय लिहिलं होतं तीन वर्षांपासून पुढे. मी त्यात बसतो असं मी तिला सांगितलं. किंमत बायकोने विचारली, तेव्हा ती डॉलरमध्ये सांगितली. डॉलरमध्ये आकडा लहान दिसतो आणि गुणाकार सांगणाऱ्याने करायचा नसतो.

खोकं उघडावं की नाही, यावर संग्राहकांत दोन पंथ आहेत. एक पंथ खोक्याला हात लावत नाही. न उघडलेल्या बाहुलीची किंमत वाढते. हे मला कधी कळलेलं नाही. बावीस सांध्यांची बाहुली आणायची आणि तिला आयुष्यभर पुठ्ठ्याला बांधून ठेवायची, मग सांध्यांनी काय करायचं? मी टेबलावरचा दिवा लावला, बायकोची नखं कापायची छोटी कात्री घेतली आणि बसलो. मनगटाला पारदर्शक पट्टी, कमरेला पट्टी, आणि डोक्यातून मागे गेलेले प्लास्टिकचे दोन बारीक टाके. ते टाके कापताना हात थोडा थांबतो. दुकानात हलू नये म्हणून तिला डोक्यातून शिवलेलं असतं. टाके सुटले आणि मान एकदम बाजूला कलली. बायको चहा घेऊन आली होती. म्हणाली, “बघा, तिलाही प्रवास बाधला.”

ही बार्बीच, पण ‘मेड टू मूव्ह’ नावाच्या जातीची, २०१५ मध्ये निघालेली. मान, खांदा, दंड, कोपर, मनगट, छाती, खुबा, मांडी, गुडघा, घोटा, सगळं हलतं. कंपनी बावीस सांधे सांगते. मी कागद घेऊन मोजायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की आकडा मोजणाऱ्याच्या व्याख्येवर आहे. मनगट वाकतंही आणि फिरतंही. तो एक सांधा धरायचा की दोन? कारखान्यात अशा प्रश्नावर तीन मीटिंगा झाल्या असत्या. मी कंपनीचा आकडा मान्य केला आणि कोपर वाकवून पाहिलं. चाल गुळगुळीत, पण सोडलं तिथे थांबते. नुसतं हलवणं सोपं, हवं तिथे थांबवणं अवघड. सगळी करामत घर्षणाच्या त्या केसभर फरकात आहे. हा फरक वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतो आणि हात लोंबायला लागतात. मग संग्राहक काय करतात, तर सांध्याच्या आत बिनरंगी नेलपॉलिशचा एक पातळ हात देतात. आमच्या घरातली नेलपॉलिशची बाटली बायकोला वर्षभर पुरायची, ती हल्ली का पुरत नाही याची चौकशी अजून चालू आहे.

हे कोपर तिला इतक्या उशिरा का मिळालं, हीही एक गोष्ट आहे. पहिली बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली. साडेअकरा इंच उंची, किंमत तीन डॉलर, घडण जपानची. तिच्या अंगात हलण्याजोगं म्हणजे मान, हात आणि पाय, तेही खांद्यातून आणि खुब्यातून. तिच्या तळपायांना भोकं होती, त्यांत तांब्याच्या बारीक नळ्या बसवलेल्या, आणि स्टँडचे खिळे त्या नळ्यांत रोवून तिला उभं करायचे. पाच वर्षांनी, १९६४ मध्ये, मुलांसाठी जी. आय. जो नावाचा सैनिक आला तो थेट एकवीस हलणारे भाग घेऊन. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, म्हणून त्याला बाहुला म्हणायचं नाही असं कंपनीने ठरवलं. ‘ॲक्शन फिगर’ हे नाव तेव्हापासूनचं. सैनिकाला बंदूक धरायची होती, त्याला कोपर लागलं. तिला फक्त छान दिसायचं होतं. पुढच्याच वर्षी तिचे गुडघे थोडे वाकायला लागले, १९६७ मध्ये कंबर फिरली, १९७० मध्ये मनगटं आणि घोटेसुद्धा आले. पण नंतरच्या कितीतरी बाहुल्या पुन्हा ताठ हाताच्याच निघाल्या. फॅशनच्या बाहुलीकडून मागणी असते ती कपडा अंगावर नीट बसण्याची आणि कपड्याला ताठ अंग बरं. मेरी आंत्वानेतच्या काळात पॅरिसचे नवे पोशाख दाखवायला बाहुल्याच देशोदेशी पाठवत; त्यांनाही कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

माझ्या पाहुणीने अंगात घातलं होतं ते योगासनाचं तंग कापड. ही जात बाजारात आली तीच योगासनं करत. इथे मला भूगोलाची गंमत वाटते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात १९३० च्या दशकात कृष्णम्माचार्य योगशाळा चालवत. त्यांचा एक विद्यार्थी कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचा. तो १९३७ मध्ये योग शिकवायला पुण्याला गेला आणि पुणेकरच झाला. ते बी. के. एस. अय्यंगार. १९६६ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि जगभरची माणसं गालिच्यांवर बसून श्वास मोजायला लागली. म्हणजे विद्या निघाली कानडी मुलखातून, पुण्यात वाढली, कॅलिफोर्नियात स्थिरावली, आणि अय्यंगार गेले त्याच्या पुढच्या वर्षी सव्वाफुटाहूनही बुटक्या एका बाहुलीच्या अंगात शिरून आता बसवनगुडीत माझ्या टेबलावर परत आली. खोक्यावर मात्र इंडोनेशियाचं नाव. एवढा फेरा तीर्थयात्रेलाही पडत नाही.

मी तिला मांडी घालायला लावली. घातली. टाचांवर बसायला लावलं. बसली. चेहऱ्यावर तेच हसू. माझ्या गुडघ्यांनी जमिनीशी संबंध तोडले त्याला आता बराच काळ लोटला. सत्यनारायणालासुद्धा मी खुर्चीवरून नमस्कार करतो. माझ्यासारख्यांसाठी अय्यंगारांनी दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या असा सरंजाम आणला आणि न वाकणाऱ्या माणसालाही आसनात आणून ठेवलं. हिला त्यातलं काहीच लागत नाही. दुखत नसल्यामुळे तिला श्रेयही मिळत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि थोडं बरं वाटून घेतलं.

एक मात्र तिला जमत नाही. इतके सांधे असून तिला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नाही. घोटा फिरतो, म्हणून तोल जातो. जितके सांधे, तितक्या पडायच्या दिशा. ठकीला एकही सांधा नाही आणि ती मात्र ढिम्म उभी. हिला पाठीमागे स्टँड लागतो आणि तो कमरेशी दिसू नये म्हणून पदर लागतो.

पदराकडे येण्याआधी रात्रीचा एक प्रश्न होता. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा सिनेमा १९९३ मध्ये आला आणि मराठी घरांतला बाहुल्यांबद्दलचा विश्वास कायमचा गेला. त्यातला बाहुला तात्या विंचू ज्यांच्या कलेतून जन्मला, त्या रामदास पाध्यांच्या घरचा बोलका बाहुला अर्धवटराव मान वळवून, डोळे मिचकावून तीन पिढ्यांना हसवत आला. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर विंचू. बायकोने सांगून टाकलं, की मान फिरणाऱ्या बाहुलीचं तोंड रात्री भिंतीकडे असलं पाहिजे. मी म्हटलं, अगं, ज्या बाहुलीची मान फिरते तिचं तोंड भिंतीकडे करून काय उपयोग? हे बोलायला नको होतं. त्या दिवसापासून पाहुणी रात्री कपाटात असते, कडी लावून.

पदराचा विषय बायकोनेच काढला. दसरा जवळ आला होता आणि ते तंग कापड तिला बघवत नव्हतं. मी कागद-पेन्सिल घेतली. या बाहुलीचं माणसाशी प्रमाण साधारण एकास सहा. नऊवारीचे नऊ वार भागिले सहा, म्हणजे बरोबर दीड वार. पंचेचाळीस इंच पन्हा भागिले सहा, साडेसात इंच. हिशेब इतका गोंडस सुटला, की मला वाटलं काम झालंच. बायकोने कपाटातून इरकलीचा एक जुना तुकडा काढला आणि गणिताचा तिथेच निकाल लागला. लांबी-रुंदी सहाने भागता येते, कापडाची जाडी भागता येत नाही. दोन निऱ्या घातल्या आणि बाहुलीच्या पोटाशी उशी झाली. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी शिवायला घेतली, तर खणावरच्या एकाच बुट्टीत तिची अख्खी पाठ संपली.

शेवटी म्हैसूर सिल्क उपयोगी पडलं. त्या क्रेपला अंगचं वजन असतं आणि तो पातळ असूनही खाली ओढ घेतो. बायकोने एका फाटलेल्या साडीतून दीड वार काढलं. मग चिमट्याने आणि दातकोरण्याने निऱ्या पाडल्या, पाण्याचा हात फिरवला, दोऱ्याने बांधून रात्रभर वाळू दिल्या. सकाळी दोरा सोडला तेव्हा निऱ्या जागच्या जागी. पूर्वीच्या साडीतल्या बार्ब्यांना बहुतेक साडी शिवलेलीच असायची आणि काष्ट्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण पाय एकमेकांपासून लांब जायचेच नाहीत. हिचे गुडघे वाकतात, मांड्या फिरतात. काष्टा मागे खोचला, तिला एक गुडघा उभा करून बसवलं, आणि ती एकदम भाजी निवडायला बसल्यागत दिसायला लागली. बायको चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिली. मी हळूच म्हटलं, “हे आपण दरवर्षी करतोच की. गौरींचे मुखवटे, कोथळे, लावायचे हात, साडी, निऱ्या.”

“गौरीला बाहुली म्हणाल तर याद राखा,” ती म्हणाली.

मी तसं म्हणत नव्हतो. पण भाद्रपदात ज्या हातांनी ती गौर उभी करते, तेच हात इथे चालले होते आणि ते मला दिसत होतं.

समोरच्या आज्जींकडून बोलावणं आलं, तेव्हा पाहुणीला घेऊनच आम्ही गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात पायऱ्या लागल्या होत्या. सगळ्यांत वर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना पट्टद गोंबे, म्हणजे रक्तचंदनाचे राजा-राणी. लग्नात मुलीला माहेरून ही जोडी देतात. खालच्या पायऱ्यांवर दशावतार, मग लग्नाची वरात, मग म्हैसूरच्या दसऱ्याची हत्तीची मिरवणूक. शेवटच्या पायरीवर शेट्टी आणि शेट्टम्मा, दोघंही पोट सुटलेली, पुढ्यात तांदूळ, डाळ, गूळ यांच्या वाट्या मांडून दुकानात बसलेली. आणि जमिनीवर नातवाने नाचणी पेरून उगवलेलं बोटभर गवत. त्याला बाग म्हणायचं.

आज्जींनी पाहुणीला हातात घेतलं. एन्जिनिअर यंत्र तपासतो त्याच शांतपणे कोपर वाकवलं, मनगट फिरवलं, गुडघा दुमडला, सरळ केला. “तुंबा चेन्नागिदे,” म्हणाल्या, म्हणजे फार छान आहे. मग स्वतःचा गुडघा चोळत माझ्याकडे बघून हसल्या. कानडी किंवा मराठी येवो न येवो, गुडघ्याची भाषा साठीनंतर सगळ्यांना कळते.

मी त्यांच्या राजा-राणीकडे पाहत होतो. नीट जवळून पाहिलं. हात अंगाला चिकटून कोरलेले, पाय एकत्र, मान ताठ. सांधा एकही नाही. राणीच्या नाकाची कड बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली, डोळ्यांचं काजळ पुन्हा पुन्हा रंगवल्यामुळे थोडं जाड. अंगावर नवा जरीचा कपडा, कारण दरवर्षी नवा लागतो. आणि त्या दोघांसाठी काय चाललं होतं? सॉफ्टवेअर कंपनीतली सून अर्धी रजा टाकून राणीची वेणी घालत बसली होती. मुलगा गांधी बझारमधून केळीचे खांब आणि शेवंतीच्या माळा उचलून आणत होता. नातू शिडीवर. आज्जी हुकूम सोडत होत्या. शेजारच्या मुली आत-बाहेर करत होत्या, उसळीची वाटी हातात पडल्याशिवाय कोणी हलत नव्हतं. वरची दोघं मात्र जागची हलली नव्हती. त्यांना कोपर नाही, कंबर नाही, म्हणून सगळ्या घराने त्यांच्यापुढे कंबर वाकवायची.

माझ्या बाहुलीचे बावीस सांधे मी दिव्याखाली एकट्याने हलवून बघितले होते आणि खूश झालो होतो. ते चूक नव्हतं. सांधा ही पाहण्याजोगीच गोष्ट आहे. पण बाहुलीची खरी परीक्षा तिच्या अंगात किती हालचाल आहे यावर होत नसावी. तिच्यापायी किती माणसं उठली, बसली, बाजारात गेली, कोणाच्या कपाटातून कापड निघालं, यावर होत असावी. त्या हिशेबाने पाहुणीने आमच्या घरात थोडंफार काम सुरू केलं होतं. दीड वार म्हैसूर सिल्क, नेलपॉलिशची बाटली आणि कपाटाची कडी धरली, तर शून्याच्या बरीच पुढे गेली होती. बाहुल्या पाहून नाक मुरडणारी माझी बायको आता आज्जींच्या सुनेला दातकोरण्याने निऱ्या पाडायची युक्ती शिकवत होती.

प्रश्न राहिला तो तिला बसवायचं कुठे. दशावतारांत शक्य नव्हतं. वरातीत एक जागा होती, पण वऱ्हाडी सगळे सहा इंची. ही उभी राहिली तर नवरदेवाच्या घोड्यापेक्षा उंच. आज्जींनी क्षणात निवाडा दिला. शेवटच्या पायरीपाशी, शेट्टम्माच्या दुकानासमोर, एक गुडघा उभा करून गिऱ्हाईक म्हणून बसायचं. उजवा हात पुढे, मनगट किंचित वर, भाव विचारल्यागत. इतके दसरे झाले, शेट्टी-शेट्टम्मा तांदूळ मांडून बसायचे आणि समोर गिऱ्हाईक म्हणून कोणी नसायचं. बसता येणारी बाहुलीच त्या पायऱ्यांवर नव्हती. आता होती, आणि चेहऱ्यावरून तरी असं वाटत होतं, की भाव तिला पटलेला नाही.

आज्जी दोन पावलं मागे सरल्या, डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, “ओब्बळेना?” एकटीच का?

त्यांच्या पायऱ्यांवर एकटं कोणी नाही. राजाला राणी आहे, शेट्टीला शेट्टम्मा आहे, हत्तीला माहूत आहे. एकटी बाई बाजारात भाव करायला आली, याला त्यांची हरकत नव्हती, पण घरी कोणीतरी असलं पाहिजे. पुढच्या दसऱ्याला जोडी पुरी करा, असं त्यांनी बजावलं. मी बायकोकडे पाहिलं नाही. तिच्या मनातला त्रिशूळ मला न बघता दिसत होता. कंपनीने बार्बीसाठी केन नावाचा वर १९६१ मध्येच काढला आहे, ही माहितीही मी पोटातच ठेवली.

पण बसवनगुडीत आज्जी बोलल्या की छंदाचा कुळाचार होतो. त्याच रात्री बायको भाचीला फोन करत होती. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असल्याचं दाखवत ऐकत होतो. “उंची बारा इंच तरी हवी,” ती सांगत होती. “रंगरूपाचं काही नाही. पण एक बघून घे गं बाई, गुडघ्यात वाकणारा हवा. न वाकणारा एक आहे आमच्याकडे.”